गवती चहाचा कैवार

दिवाळीच्या दिवसांत भांडू नये असे म्हणतात. पण भांडायला निवांत सवड मिळते तीही याच दिवसांत, त्याला माझा इलाज नाही. चिवड्याची बशी शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांची आधीच क्षमा मागतो आणि एका गवताच्या वतीने भांडायला उभा राहतो. ते गवत म्हणजे गवती चहा.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर तीन गोष्टी आपोआप वाढत : अळू, केळ आणि गवती चहा. त्यांना कोणी मुद्दाम पाणी घातल्याचे मला आठवत नाही. पहाटे आई म्हणायची, “जा रे, दोन पाती तोडून आण.” अंधारात पात ओढताना तिची करवतीसारखी कड बोटाला लागली की झोप खाडकन उडायची. चहा प्याल्याने तरतरी येते असे लोक सांगतात. आम्हां मुलांना ती तोडतानाच येई. पाहुणा आला, पाऊस लागला, कोणाचे डोके जड झाले, घरातले दूध नासले, यांपैकी काहीही घडले तरी पहिले पाऊल न्हाणीमागे पडायचे. कोणी त्याला औषध म्हणत नसे आणि कोणी त्याचे कौतुकही करीत नसे. ज्याचे रोज कौतुक करावे लागते ते घरचे नव्हे, असा त्या काळचा न्याय होता.

आता गेल्या भाऊबीजेची हकीकत ऐका. मी नेहमीप्रमाणे अक्काकडे गेलो. अक्का पुण्यातच, लेकीजवळ, अकराव्या मजल्यावर राहते. ओवाळून झाले, करंज्या झाल्या, आणि भाचीने विचारले, “मामा, चहा कुठला घेणार? साधा की लेमनग्रास?” मी दुसरा मागितला. पेल्यात दोऱ्याला लटकलेली एक पुडी आली. पेल्यातले पाणी फिकट पिवळे होते. वास यायचा तो गवती चहाचा नव्हे, त्याच्या आठवणीचा यावा तितका येत होता. मी डबा मागून घेतला, किंमत वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग खिडकीशी गेलो. खाली सोसायटीच्या बागेत कुंपणाला लागून गवती चहाचे कमरेएवढे ठोंब उभे होते आणि माळी त्याची पाती विळ्याने कापून कचऱ्याच्या ढिगावर टाकीत होता.

एवढे निमित्त मला पुरे होते. मी व्याख्यान सुरू केले. दाराशी उगवते ते फेकायचे आणि त्याचाच वाळलेला चुरा इंग्रजी नावाने विकत घ्यायचा, ही कसली अक्कल, वगैरे वगैरे. भाची शांतपणे ऐकत होती. माझे संपल्यावर ती म्हणाली, “मामा, डब्यावर निदान आत काय आहे ते लिहिलेलं असतं. आईला ती वेल तुम्हीच आणून दिली होती ना?”

मी गप्प बसलो. अक्का म्हणाली, “अगं, त्याला अनारसा दे की,” आणि विषय अनारशाच्या जाळीवर गेला.

त्या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. त्यात माझी चूक कबूल करायची आहे आणि तरीही माझा मुद्दा सोडायचा नाही. दोन्ही एकदम साधायला थोडी जागा लागेल.

आधी चूक. २०२० साली साथ आली आणि घराघरांत काढ्याची पातेली चुलीवर चढली. त्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यावा असे सुचवले होते. तेवढ्यावर लोक थांबते तर बरे होते. पण फोनवर रोज नवे संदेश येत. एका संदेशाने गुळवेल सांगितली. कडुलिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, हे तर आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकलेले. आमच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबावर एक वेल होती. पाने बदामाच्या आकाराची, खोड बोटाएवढे. मी चाकूने तिचे तुकडे कापले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि अक्काला नेऊन दिले. ती गुळवेलच होती का, हे मी कोणाला विचारले नाही. किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, हेही विचारले नाही. घरचेच तर आहे, त्याला काय विचारायचे!

अक्काने ती श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज उकळून प्याली. दिवाळीच्या तोंडावर तिचे डोळे पिवळे झाले. तिला रुग्णालयात ठेवावे लागले आणि त्या वर्षीची भाऊबीज आम्ही फोनच्या पडद्यावर साजरी केली. तिकडून तिने पलंगावर बसून रिकामा हात ओवाळल्यासारखा फिरवला. नेहमीच्या काविळीच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या. कोणती औषधे चालू आहेत, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. भाचीने रक्तदाबाची गोळीसुद्धा सांगितली; वेल सांगितली नाही, कारण ते औषध आहे असे घरात कोणाच्या मनातच नव्हते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सरळ विचारले, “काढाबिढा घेता का?” तेव्हा ते बाहेर आले. वेल बंद झाली आणि पुढच्या दोन महिन्यांत अक्का सुधारली. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. भाचीनेही दिला नव्हता. गेल्या भाऊबीजेला मी व्याख्यान देईपर्यंत.

आमच्याच घरी हे घडले असते तर मी ते योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे असे सहा रुग्ण दिसले आणि त्यांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेले नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. पुढे २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची नोंद केली. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण मंत्रालयाची हरकत शब्दशः खरी धरली तरी ती मला सोडवीत नाही, उलट अधिक घट्ट पकडते. वेल दुसरी असेल तर ती न ओळखता कापणारा माणूस मीच होतो.

आता मुद्दा. आपल्या घरांत या बाबतीत दोन पंथ पडले आहेत. एक डबापंथ आणि दुसरा काढापंथ. डबापंथाला पान म्हणजे अस्वच्छ गवत वाटते. ते कारखान्यात जाऊन, वाळून, भुगा होऊन, इंग्रजी नाव लावून परत आले की पवित्र होते. काढापंथाला प्रत्येक पान म्हणजे संजीवनी वाटते. ते जितके कडू, जितके जास्त, जितके उकळलेले तितके पुण्य मोठे. दोघे एकमेकांना हसतात. पण दोघांत एक गोष्ट समान आहे : झाडाकडे कोणीच पाहत नाही. एक डब्यावरचे वाचतो, दुसरा फोनवरचे. आणि या दोघांच्या भांडणात आपल्या परसातले एक साधे, चवीचे, निरुपद्रवी पेय मात्र नाहीसे होत चालले आहे. माझे भांडण त्यासाठी आहे.

गंमत अशी की या पेयाला आपल्याकडे स्वतंत्र नाव होते. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात स्वरस, क्वाथ, फांट, हिम आणि कल्क यांना एकेक निराळा अध्याय दिलेला आहे. स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, हिम म्हणजे थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क. क्वाथ म्हणजे आपला काढा : द्रव्याच्या सोळा पट पाणी घालायचे आणि ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. आणि फांट म्हणजे द्रव्य ठेचून त्यावर कढत पाणी ओतायचे, थोडा वेळ ठेवायचे आणि गाळून घ्यायचे. आपण ज्याला मोठ्या ऐटीने ‘हर्बल टी’ म्हणतो त्याचे हे जुने नाव. जुन्या वैद्यांनी या दोघांत भेद केला तो हौसेखातर नव्हे. मूळ, साल, सुंठ, काष्ठ यांसारख्या कठीण वस्तू उकळल्याशिवाय काही देत नाहीत. कोवळे सुगंधी पान उकळले की होते ते घालवते. काय कशासाठी, किती आणि कसे, हा विचार त्या भेदामागे आहे. आम्ही तो भेद विसरलो आणि साऱ्यालाच काढा म्हणू लागलो. म्हणून काढापंथाला माझे सांगणे आहे की परंपरेचे नाव घेऊन माझ्यावर येऊ नका. परंपरेत मात्रा होती, ओळख होती आणि समोर वैद्य बसलेला होता. फोनवर आलेला संदेश म्हणजे परंपरा नव्हे.

औषधी म्हणजे निरुपद्रवी, ही आपली दुसरी भाबडी समजूत. अडुळशाचे उदाहरण घ्या. खोकल्यावरचे ब्रोमहेक्सिन नावाचे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार झाले. म्हणजे अडुळशाच्या पानात खरोखर जोर आहे. पण जोर आहे म्हणूनच ते रोज सकाळी पेलाभर पिण्याचे पान नव्हे, आणि गरोदर बाईने तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. ज्या पानाने रोग हटतो त्याने अपायही होऊ शकतो, हे कबूल करणे हाच त्या पानाचा खरा मान आहे.

आता डबापंथाकडे वळतो. त्यांचा बिनतोड वाटणारा मुद्दा स्वच्छतेचा. घरची पात वाहत्या पाण्याखाली धुतली की पुरे, याहून मोठे शास्त्र त्यात नाही. उलट पुडीची स्वच्छता तपासा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्लॅस्टिकच्या जाळीची एक रिकामी केलेली चहापुडी ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकून पाहिली. तिच्यातून सुमारे ११६० कोटी सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण पेल्यात उतरले. तो अभ्यास प्लॅस्टिकच्या पुड्यांचा होता. कागदी पुड्यांवर मी तो आरोप ढकलत नाही. पण कुंडीतल्या पातीला अस्वच्छ म्हणणाऱ्याने आपली पुडी कशाची आहे हे आधी पाहावे एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे.

दुसरी गोष्ट वासाची. गवती चहाच्या तेलात मुख्य असतो तो सिट्रल नावाचा पदार्थ. लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा तो वास त्याचाच. हा पदार्थ उडून जाणारा आहे. पात चुरगळताच नाकाशी येतो तो उडतो म्हणूनच. तेव्हा भुगा करून महिनोन्‌महिने ठेवलेल्या पातीत तो कितीसा राहणार? वाळवणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेली पात चांगली राहते. पावसाळ्यात फोफावलेली पात आमची आईही उन्हाळ्यासाठी वाळवायची. पण वाळवण हे बेगमीचे. अंगणात ताजी मेथी असताना वाळवलेली मेथी कोण रांधतो?

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती मला सर्वांत झोंबते. डब्यावर ‘हिबिस्कस’ लिहिलेले असते आणि घ्यायला गेलेल्याला वाटते, गणपतीला वाहतात ती जास्वंद. ती नव्हे! ती आपली अंबाडी. जिच्या पानांची आंबट भाजी विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या कण्या घालून करतात, त्याच अंबाडीची ती लाल बोंडे. इजिप्त-सुदानात याच पेयाला ‘करकडे’ म्हणतात आणि मानाने पाहुण्यापुढे ठेवतात. आपल्याकडे दिवाळी उलटली की ही बोंडे बाजारात दिसतात, आणि अंबाडी म्हटले की आपण नाक मुरडतो. हिबिस्कस म्हटले की खिशात हात घालतो. तीच गत गोकर्णाची. कुंपणावरची निळी फुले कढत पाण्यात टाकली की पाणी निळे होते, लिंबू पिळले की जांभळे होते. मुलांना ती जादू दाखवावी आणि त्यांना गोकर्ण ओळखता यावा, एवढे त्याचे खरे मोल. त्याचा ‘ब्लू टी’ झाला की मूल डबा ओळखते, वेल ओळखत नाही.

आणि इथेच खरे नुकसान आहे. पैशांचे नुकसान मी मोजत नाही. ज्याचा पैसा आहे त्याने तो हवा तिथे घालवावा. पण झाड ओळखणारा डोळा एकदा गेला की तो विकत मिळत नाही. माझी आई गवती चहा, रोशा गवत आणि इतर गवते अंधारात वासावरून ओळखायची. मी, तिचा मुलगा, दिवसाढवळ्या कडुलिंबावरची वेल ओळखू शकलो नाही आणि ओळखता येत नाही हे मला कळलेही नाही. माझ्या नातवंडांना तर तुळस आणि सब्जा शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही. ही घसरण डब्याने झाली आणि काढ्यानेही झाली. डब्याने ओळखण्याची गरज संपवली, काढ्याने ओळखल्याचा खोटा आव दिला.

पुण्याला चहावरची भांडणे नवी नाहीत. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा दिला गेला. रानडे आणि टिळक यांच्यासारखी माणसे त्यात सापडली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोचले. तेव्हा प्रश्न होता, कोणाच्या हातचा प्यायचा. त्या भांडणात चहाच्या चवीबद्दल कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही. आजही तेच. डबापंथ विचारतो, कोणत्या कंपनीचा? काढापंथ विचारतो, कोणत्या रोगावर? चांगला लागतो का, असे कोणीच विचारत नाही. अहो, पेय आहे ते! आधी चांगले लागू द्या.

चांगले लागावे म्हणून कसे करायचे ते सांगतो, कारण नुसते भांडून पाठ वळवणारा माणूस घरात कोणाला आवडत नाही.

एका पेल्याला हातभर लांबीच्या दोन पाती पुरेत. धुवाव्यात, कात्रीने बोटबोटभर तुकडे करावेत आणि मुठीत एकदा चुरगळावेत. पाणी खळखळून उकळू द्यावे. मग गॅस बंद करून पात टाकावी आणि लगेच झाकण ठेवावे. झाकण हा या विधीतला मुख्य मंत्र आहे. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला म्हणजे चहा चांगला झाला असे लोक समजतात. खरे म्हणजे जो वास घरभर गेला तो पेल्यातून गेला. पाच ते सात मिनिटांनी गाळावे. आले घालायचे असेल तर ते मात्र आधीपासून पाण्यात उकळावे, ते कठीण जातीचे आहे. तुळशीची चारपाच पाने किंवा पुदिन्याचा एक शेंडा पातीबरोबर झाकणाखाली चालतो. सगळे एकदम घालू नये. एका वेळी एक पान आणि जोडीला फार तर दुसरे. दहा पानांचा चहा म्हणजे दहा माणसांनी एकदम बोलण्यासारखे आहे. साखर ज्याच्या-त्याच्या प्रकृतीप्रमाणे. अंबाडीच्या बोंडांत दूध घालू नये, ते फाटते. आणि नेहमीच्या दुधाच्या चहात पात टाकायची असेल तर खुशाल टाका. फक्त शेवटच्या दोन मिनिटांत आणि झाकणाखाली.

लावण्याचे म्हणाल तर गवती चहाएवढे सोशिक झाड शोधून सापडणार नाही. शेजाऱ्याच्या ठोंबातला मुळासकटचा एक फुटवा आषाढात कुंडीत खोचावा. कुंडी बादलीएवढी असावी, खाली पाणी जायला भोक असावे आणि दिवसातून चारपाच तास ऊन मिळावे. पात कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी. दोनतीन वर्षांनी ठोंब दाटले की फोडून वाटून टाकावे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिले की ती पानांनी भरते. द्वादशीला तुळस तोडू नये असे जुन्या बायका सांगत; कारण काहीही असो, झाडाला एक दिवस विसावा मिळे.

आणि आता माझ्या चुकीतून निघालेले नियम. एक : ज्याचे नाव तुम्हांला ठाऊक आहे आणि जे तुम्ही स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने लावले आहे, तेच पान पेल्यात जावे. रस्त्यावरचे, रानातले, कुंपणावरचे अनोळखी पान सुंदर दिसले तरी नको. कण्हेरही सुंदरच दिसते आणि ती विषारी आहे. दोन : रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर फवारणी झालेली असू शकते. जुनी पाने काढून टाकावीत आणि पुढे घरी फुटतील ती वापरावीत. डासांसाठी म्हणून विकतात ते सिट्रोनेला गवत आणि गवती चहा ही भावंडे आहेत. वास घेऊन, माहीतगाराला विचारून मगच लावावे. तीन : हे पेय आहे, इलाज नव्हे. ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे जावे. आणि चार : डॉक्टरांनी काय घेता असे विचारले की पेल्यातले, पातेल्यातले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सगळे सांगावे. ‘ते काय, घरचंच आहे’ हे वाक्य तिथे उच्चारू नये.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला माझ्याच घरातून ऐकावा लागला. पात तोडा, धुवा, कातरा, झाका, गाळा, भांडे घासा : हे सगळे करायचे कोणी? मामाने व्याख्यान द्यायचे आणि बायकांनी पहाटे उठायचे? पुडी बुडवली की काम संपते, यात बाईला मिळालेली पाच मिनिटे तुम्ही हिशेबात धरलीत का? हा आक्षेप खरा आहे. आमच्या लहानपणी पात तोडायला आम्ही जात असू, पण चूल फुंकायला आईच असे, आणि त्या आठवणींचा गोडवा आम्ही सांगतो तेव्हा धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता हे सांगत नाही. म्हणून यावर माझे उत्तर सोपे आहे : ज्याला ताज्या पानाचा पुळका त्याने ते करावे. गेली पाच वर्षे आमच्या घरी सकाळचा पहिला पेला मी करतो, गाळणीही मीच घासतो. या लेखाने पेटून उठलेल्या पुरुष वाचकांनी पत्नीला हाक मारण्यापूर्वी कात्री कुठे ठेवली आहे तेवढे स्वतः शोधावे.

आता भाचीला उत्तर. बाळ, तू म्हणालीस ते बरोबर आहे. डब्यावर आत काय आहे ते लिहिलेले असते, आणि मी आणलेल्या वर्तमानपत्राच्या पुडक्यावर काहीच लिहिलेले नव्हते. डब्याचा तेवढा गुण मी घेतला पाहिजे. पण नाव लिहिलेले असणे आणि आपल्याला ओळखता येणे यांत फरक आहे. माझ्या चुकीवर उपाय कमी ओळख हा नव्हे, जास्त ओळख हा आहे. तू खाली बागेत जा, माळ्याला थांबव, एक पात चुरगळून हुंग, आणि मग तुझ्या डब्यातली पुडी हुंग. त्यानंतरही डबाच आवडला तर मी वाद घालणार नाही.

गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला होता. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाली, “यंदा येताना मिठाई नको आणूस. ते गवत आण एक कुंडीत.” मी म्हटले, “अक्का, तू पिशील?” ती म्हणाली, “पिईन की. पण नाव लिहून आण.”

आषाढात फोडलेल्या ठोंबातला एक फुटवा मी तिच्यासाठी वेगळा लावला होता. आता चांगला हातभर वाढला आहे. काल त्याच्या कुंडीवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतले : गवती चहा. लावला आषाढात, आमच्या घरी. फवारणी नाही. दोन पाती, एक पेला. उकळू नये, झाकावे.